केअर यादी गेली. आता पेपर कुठं टाकायचा, आणि वाचणार कोण?

मांजराकाठ (धागाकर्ता)

लातूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात इतिहास शिकवतो. प्रश्न साधा आहे, पण ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो, म्हणून इथं टाकतोय.

यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) बंद केली. निर्णय ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीतला, जाहीर झाला फेब्रुवारी २०२५ मध्ये. आता कोणतं नियतकालिक चांगलं हे ज्या-त्या संस्थेनं ठरवायचं. त्यासाठी संपादक मंडळ, परीक्षणाची रीत, संशोधनाची नीतिमत्ता असे निकष दिलेत, तेही 'सुचवलेले'. बरं, संस्था म्हणजे कोण? आमच्या आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) सरांना विचारलं तर म्हणाले, विद्यापीठाचं पत्र येऊ द्या. विद्यापीठातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, तुमच्या कॉलेजची समिती असेल की. आहे ना! समितीत रसायनशास्त्राचे एक सर, वाणिज्यच्या एक मॅडम आणि क्रीडा संचालक आहेत. तिघंही भली माणसं. पण माझा निबंध निजामी राजवटीतल्या देशमुखी वतनांच्या भांडणांवर आहे. तो त्यांनी कशाच्या जोरावर जोखावा?

यादी होती तेव्हा नाव आहे का नाही एवढं बघितलं की विषय संपायचा. ती गेल्यावर व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातींची फक्त भाषा बदलली. आधी 'यूजीसी केअर लिस्टेड' असायचं, आता 'नव्या यूजीसी निकषांनुसार पीअर रिव्ह्यूड' (म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेलं). खालचा क्यूआर कोड तोच. आज पेपर पाठवा, परवा स्वीकृतीपत्र, आठवड्यात सर्टिफिकेट, ग्रुपनं पाठवलात तर सवलत.

माझी पुढच्या वर्षी प्लेसमेंट (वरच्या वेतनश्रेणीत जाणं) आहे आणि एक पेपर कमी पडतोय. मराठीतलं एक जुनं त्रैमासिक आहे, तिथले संपादक खरोखर वाचतात असं ऐकून आहे, पण ते केअरमध्ये कधी नव्हतं. तिकडं पाठवू का? उद्या जेडी ऑफिसनं (उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयानं) विचारलं तर काय दाखवू?

बिंदुसरा

ओ सर, फाइल बघणारा पेपर वाचत नसतो. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, तुमचं पहिलं पान अन् आयएसएसएन. चार झेरॉक्स. द्या जोडून अन् व्हा मोकळे.

पूर्णाकाठची ग्रंथपाल

बिंदुसरादादा म्हणतात ते खोटं नाही, पण तेवढ्यावर सोडलं तर उद्या ज्याची वेतननिश्चिती अडकेल तो आम्हालाच येऊन विचारणार, "मॅडम, तुम्ही सांगितलं नाही?"

मागचं थोडं आठवा. २०१७ ला यूजीसीनं मान्यताप्राप्त नियतकालिकांची मोठी यादी केली, तेव्हा विद्यापीठांकडूनही नावं मागवली होती. ती नावं कुणी कुणी आणि कशी सुचवली, हे इथल्या बऱ्याच जणांनी जवळून बघितलंय. मे २०१८ मध्ये त्या यादीतली ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढावी लागली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांकडून आलेल्यांपैकी १,००९ तपासली, तर ८८ टक्क्यांहून जास्त निकषांत बसेनात. ते 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. मग २०१९ मध्ये केअर यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. आधी संस्थांवर सोपवून फसगत झाली म्हणून एक यादी आणली, आणि आता यादी नको म्हणून पुन्हा संस्थांवर. फिरून फिरून भोपळे चौकात.

आता आयएसएसएनचं. हा आठ अंकांचा क्रमांक आहे, नियतकालिकाची ओळख पटवण्यापुरता. आपल्याकडं तो दिल्लीचं राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालय देतं. आतला मजकूर कुणी वाचला का, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही तो मिळू शकतो. तरी आमच्याकडं "मॅडम, आयएसएसएन आहे म्हणजे ऑथेंटिक ना?" असं विचारत रोज कुणीतरी येतं.

मागं एक प्राध्यापक स्वीकृतीपत्र घेऊन आले. नियतकालिकाचं नाव जुनं, नावाजलेलं. मला खटकलं ते इतकंच की मानवविद्येच्या नियतकालिकात शेजारचा लेख कोंबड्यांच्या खाद्यावर होता. आयएसएसएनच्या पोर्टलवर क्रमांक टाकला (हे फुकट आहे, कुणालाही करता येतं). क्रमांक खरा, पण प्रकाशनाचं गाव वेगळं आणि वेबसाइटचा पत्ताही वेगळा. प्राध्यापकांनी पेपर पाठवला होता त्या साइटवर जुने अंक म्हणून फक्त अलीकडचे होते, आधीच्या सगळ्या लिंक मुखपृष्ठावरच आणून सोडायच्या. डीओआय (लेखांचे कायमचे ओळखक्रमांक) दिलेले, पण त्यांची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफच्या शोधात टाकले तर एकही सापडेना. शेवटी संपादक मंडळातल्या एका बाईंचा ईमेल त्या साइटवरून न घेता त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरून काढला आणि विचारलं. उत्तर आलं, "मी या मंडळावर नाही, हे मला तुमच्याकडूनच कळतंय." म्हणजे मूळ नियतकालिकाची हुबेहूब नक्कल. केअर चालू होती तेव्हा अशा नकली साइट्सबद्दल तेच सावध करायचे. ते काम आता ग्रंथपालांच्या गळ्यात, आणि आपल्या भागात ग्रंथपालाची जागा भरलेली असणं हेच मोठं नवल.

मांजराकाठ सर, तुमच्या त्रैमासिकाचे मागचे अंक बघा. लेख एका विषयाशी धरून आहेत का, संपादकाचं नाव-गाव-फोन खरे आहेत का, पैसे मागतात का आणि मागितले तर कशाचे, परीक्षणाला किती वेळ लागतो असं सांगतात? तीन-चार महिने म्हणाले तर खूश व्हा. एका पानाची टिपणी करून समितीपुढं ठेवा आणि सह्या घ्या. मी नमुना देते.

तासिकावाला

तुम्हा पर्मनंट लोकांना प्लेसमेंटची चिंता, आम्हाला मुलाखतीची. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे, दोन कॉलेजात मिळून. सेट, पीएचडी दोन्ही झालंय.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतला कॉलेजच्या शॉर्टलिस्टिंगचा तक्ता काढून बघा. पीएचडीला २५ गुण. शोधनिबंधांना प्रत्येकी २, आणि जास्तीत जास्त ६. म्हणजे तीन निबंध पुरेत. तरी माझ्या ओळखीतल्या मुलांच्या बायोडेटात तीस-तीस निबंध आहेत, कारण तक्ता काही म्हणो, मुलाखतीत फाइल जाड दिसली पाहिजे असं डोक्यात बसलंय. एका पेपरला हजार-पंधराशे. तासिकेचं मानधन सहा-सहा महिने येत नाही, त्यात हे. उसने घेऊन पेपर काढणारी लेकरं बघितलीत मी.

एकदिवसीय राष्ट्रीय परिषदेचा थाट तर सगळ्यांना माहीत आहे. उद्घाटनाला पुढारी, ते येईपर्यंत साडेबारा. जेवण. जेवणानंतर एका वर्गात चाळीस निबंधवाचनं, प्रत्येकाला तीन मिनिटं, अध्यक्ष घड्याळाकडं बघतायत. चारला सर्टिफिकेट वाटप, कारण साडेचारची एसटी. नोंदणीतच 'स्पेशल इश्यू'चे पैसे घेतलेले असतात, म्हणजे निबंध छापायचा हे तो वाचायच्या आधीच ठरलेलं. आणि मी सुद्धा त्या रांगेत उभा असतो. नाही उभा राहिलो तर माझ्या जागी दुसरा आहे.

डेक्कनवरून

माफ करा, पण स्पष्ट बोलतो. हे सगळं टाळायचं असेल तर इंग्रजीत लिहा आणि स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या नियतकालिकाला पाठवा. नाकारलं तरी निदान कारण कळतं. स्थानिक, प्रादेशिक म्हणत किती दिवस डबक्यात पोहणार?

बिंदुसरा

आले पुण्याहून सल्ले 😀

हिमायतबाग

डेक्कनवरून साहेब, मी भौतिकशास्त्राचा, संभाजीनगरला. आमचं सगळं इंग्रजीतच आणि स्कोपसमध्येच आहे. तिथलं पाणी किती निर्मळ आहे ते सांगतो.

हिंदावी या प्रकाशनसंस्थेचं नाव आमच्याकडं घरोघरी होतं. २०२१ मध्ये वायलीसारख्या जुन्या प्रकाशनसंस्थेनं ते विकत घेतलं, आणि २०२३ या एका वर्षात त्यांना आठ हजारांहून जास्त निबंध मागं घ्यावे लागले. बहुतेक 'विशेषांकां'तले. पाहुणे संपादक, बनावट परीक्षक, पेपर तयार करून विकणारे कारखाने. शेवटी ते नावच बंद करून टाकलं. म्हणजे तासिकावाला सांगतायत तो स्पेशल इश्यूचा धंदा आपल्याच मातीतला आहे असं समजू नका, आंतरराष्ट्रीय आहे. फक्त तिकडं दर डॉलरमध्ये. आमच्या विषयात निबंध सगळ्यांना खुला ठेवायचा असेल तर लेखकाकडून दीड-दोन हजार डॉलर मागणारी नियतकालिकं सर्रास आहेत. आपल्या असिस्टंट प्रोफेसरचा महिन्याचा पगार जातो त्यात.

लेखकांची नावं विकत घेण्याचं तर विचारूच नका. तिसऱ्या क्रमांकाचं लेखकपद अमुक रुपये, पहिलं तमुक, असे टेलिग्रामवर तक्ते फिरतात. नियमच त्याला खतपाणी घालतो: दोनच लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण, जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. बेरीज करून बघा, एका निबंधाचे शंभरावर टक्के होतात. मग नावं वाढणारच.

एक गोष्ट चांगली झाली. एनआयआरएफ या केंद्राच्या शिक्षणसंस्था क्रमवारीनं २०२५ पासून मागं घेतलेल्या निबंधांचे गुण कापायला घेतलेत. तेव्हापासून विभागात 'रिट्रॅक्शन' हा शब्द दबक्या आवाजात का होईना ऐकू येतो. आधी कुणाच्या गावीही नव्हता.

ज्वारीवाला

परभणीहून. आमच्या कृषी विद्यापीठांच्या जगात केअरपेक्षा नासचं रेटिंग चालतं. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी दरवर्षी नियतकालिकांना गुण देते, त्यावर आमची गणितं. ते चालू आहे, त्यामुळं तुमच्याइतका गोंधळ नाही. पण एक सल मलाही आहे. कोरडवाहू ज्वारीवरचा प्रयोग इंग्रजीत छापला की मला गुण. तेच शेतकऱ्याला कळेल असं मराठीत लिहिलं की तो 'विस्तार', म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती नेण्याचं काम. त्याचे गुण किती मिळतात ते विचारू नका. बाकी चालू द्या, वाचतोय.

जुना संपादक

हा धागा मला मुलानं दाखवला. ज्यांनी जुन्या त्रैमासिकाचा उल्लेख केला, ते माझंच असेल असं नाही, पण मीही मराठवाड्यात एक तसलंच नियतकालिक बरीच वर्षं चालवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. टायपिंग सावकाश आहे, सांभाळून घ्या.

डेक्कनवरून यांना आधी सांगतो. आमच्याकडं एकदा एका तरुण मुलानं शिलालेखावर लेख पाठवला. देगलूर तालुक्यात होट्टलला चालुक्यकालीन मंदिरं आहेत, त्या पट्ट्यातल्या एका लहान गावचा तो शिलालेख. वाचन त्यानं एका जुन्या पुस्तकातून जसंच्या तसं उचललेलं. मी ते नांदेडकडच्या एका निवृत्त शिक्षकांकडं पाठवलं. पदवी बेताची, पण कानडी लिपी तळहातासारखी पाठ. त्यांनी पोस्टकार्डावर दोन ओळी लिहून कळवलं: शक आणि संवत्सराचं नाव जुळत नाही. एक तर कोरणाऱ्यानं चूक केली किंवा वाचणाऱ्यानं. पोराला राग आला. छापील पुस्तकात आहे म्हणाला. मी म्हटलं, जाऊन दगड बघ. तो गेला, संध्याकाळी बॅटरीचा उजेड आडवा पाडून फोटो काढले, शाईनं ठसा घेतला. दगडावरचा आकडा वेगळा निघाला. लेख सहा पानांवरून दोन पानांवर आला आणि त्या दोन पानांत कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट होती.

ते कोणत्या स्कोपसमध्ये पाठवायचं होतं सांगा. तिथं त्या गावचं नाव नकाशात शोधण्यातच परीक्षकाचा दिवस गेला असता. मराठीत लिहिण्याचा हट्ट म्हणून म्हणत नाही मी. आमच्या विषयातली जाणती माणसं आहेत कुठं? देगलूर, अंबाजोगाई, तेर, पैठण, हैदराबाद. तिथं निबंध पोचला पाहिजे. गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक औरंगाबादेतूनच चालवलं, आणि अख्ख्या महाराष्ट्राला त्याची दखल घ्यावी लागली. तेव्हा कुठली यादी होती?

आता माझी रड. वर्गणीदार मूठभर, लेखक ढीगभर. निबंध पाठवणाऱ्यांपैकी मागचा एक तरी अंक वाचलेला माणूस विरळा. पहिल्याच फोनवर "सर, सर्टिफिकेट कधी?" परीक्षकांना मी मानधन देऊ शकत नव्हतो, अंकाची एक प्रत आणि आभाराचं पत्र. तरी दहातले चार जण उत्तर द्यायचे. जे द्यायचे ते जीव ओतून द्यायचे. बाकीचे सहा फोन उचलत नसत, आणि त्यांनाच पुढं 'संपादक मंडळ सदस्य' म्हणून नाव हवं असायचं.

शेवटी बंद केलं ते पैशामुळं नाही. केअरमध्ये नाही म्हटल्यावर चांगलं लिहिणारेही पाठवेनात. त्यांना तरी काय म्हणणार, त्यांच्याही घरी लेकरंबाळं. यादी गेली म्हणून मला दुःख नाही. यादीमुळं आपण वाचायचं सोडलं होतं.

डेक्कनवरून

संपादक सर, दगडाचा किस्सा मान्य. डबक्याचा शब्द मागं घेतो. पण एक शंका राहते. सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतील तर परीक्षण निःपक्ष कसं राहणार? 'आपल्या माणसाचा पेपर आहे, जरा बघा' हा फोन येणार नाही याची हमी काय?

जुना संपादक

येतो की. यायचाच. मी लेखावरचं नाव काढून पाठवायचो, तरी विषयावरून ओळखायचे. हमी नाही. परीक्षकाचा शेरा लेखकाला जसाच्या तसा द्यायचा, सौम्य करायचा नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

पूर्णाकाठची ग्रंथपाल

संपादक काका, तुमचे जुने अंक कुठं आहेत? विचारते कारण मला त्यातला एकही गूगल स्कॉलरवर सापडला नाही.

जुना संपादक

माझ्या माडीवर. आणि डीटीपीवाल्याकडच्या सीडीत, त्या चालत असल्या तर.

पूर्णाकाठची ग्रंथपाल

हेच तर. आणि त्या सीडीत मजकूर श्रीलिपीत असणार.

यावर जरा लिहू द्या, कारण मराठी संशोधनाचं निम्मं दुखणं इथं आहे आणि त्यावर कुणी परिषद भरवत नाही. श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढला की लेखाचा भुगा. त्यामुळं पीडीएफ वेबसाइटवर टाकली तरी 'देशमुखी वतन' असं शोधणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. लेख छापून येतो आणि त्याच दिवशी हरवतो.

त्याहून गमतीची बाजू म्हणजे साहित्यचौर्य तपासणी. २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० च्या पुढं गेलं की कारवाई कडक, ६० च्या वर प्रबंधाची नोंदणीच रद्द. पण श्रीलिपीतली फाइल सॉफ्टवेअरला दिली की त्याला फक्त चिन्हांची खिचडी दिसते. ती जगात कशाशीच जुळत नाही. अहवाल येतो: साम्य शून्य टक्के! मी डोळ्यांनी बघितलाय असा अहवाल, चौकटीत लावण्यासारखा. तोच मजकूर युनिकोडमध्ये बदलून पुन्हा टाकला तर अर्ध्याहून जास्त लाल.

तासिकावाला

मॅडम, हे इथं उघड सांगायचं नव्हतं, आता उद्यापासून सगळे श्रीलिपीत टाइप करतील 😂

हिमायतबाग

😂 आणि एआयचं काय? आमच्याकडं परीक्षणाला आलेल्या निबंधात मध्येच 'नक्कीच, हा घ्या तुमचा सुधारित परिच्छेद' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य तसंच राहिलेलं सापडलंय.

जुना संपादक

बंद करायच्या आधीच्या शेवटच्या काही महिन्यांत असे लेख यायला लागले होते. भाषा गुळगुळीत, एकही शुद्धलेखनाची चूक नाही, तिथंच मला संशय. संदर्भसूचीत लेखकाचं नाव खरं, प्रकाशकही खरा, पण त्या लेखकानं त्या नावाचं पुस्तक आयुष्यात लिहिलेलं नाही. एका सूचीत माझ्याच नावावर एक ग्रंथ होता. वाचायला आवडला असता.

कंधारची

खूप दिवस नुसतीच वाचत होते, आज लॉगिन केलं. मांजराकाठ सर, तुमच्या निबंधात मूळ कागद कोणते वापरलेत? वतनांच्या तंट्यांचे म्हणजे उर्दू-फारसी असणार. हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात गेला होतात की कुणाच्या घरचे?

मांजराकाठ

दोन्ही. अभिलेखागारातले उर्दू कागद एका मौलवी साहेबांकडून वाचून घेतले. घरचे मोडीतले, ते मला येतात. खरं सांगायचं तर उर्दूच्या वाचनाबद्दल मनात धाकधूक आहे. शिकस्ता लिपी आहे, म्हणजे घाईत मोडून लिहिलेली, मौलवी साहेब काही ठिकाणी अडखळले. एका निकालात 'बहाल' आहे की आणखी काही, यावर अख्खा मुद्दा उभा आहे. बहाल असेल तर वतन परत दिलं. नसेल तर माझं शेवटचं प्रकरण कोसळतं.

कंधारची

मी शिकस्ता वाचते. वडिलांकडून शिकले, ते तहसीलमध्ये जुन्या नोंदी वाचायचे. तेवढ्या पानांचे फोटो पाठवा. छापायचं कुठं ते नंतर बघू, आधी कागदात काय आहे ते तर कळू द्या.

बिंदुसरा

बगा, धाग्याचं सार्थक झालं. मी उगीच झेरॉक्स म्हणालो.

तासिकावाला

मॅडम, माझाही एक आहे. बीड-जालन्याच्या ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर, मुलांच्या शाळेच्या अंगानं. परिषदेत वाचला होता, कुणी एक प्रश्न विचारला नाही. कुणी वाचेल का? फाडून काढलं तरी चालेल.

ज्वारीवाला

माझ्याकडं पाठवा. समाजशास्त्र कळत नाही, पण आकडे आणि तक्ते तपासतो. सॅम्पल किती घेतलाय आणि गावं कशी निवडली ते सोबत लिहा, नाहीतर पहिला शेरा तोच पडेल.

हिमायतबाग

मी एक सुचवू? नवं नियतकालिक वगैरे काढायच्या भानगडीत लगेच पडू नका. ओजेएस नावाची मोफत प्रणाली आहे, जगभरातली हजारो नियतकालिकं त्यावर चालतात, लेखकाकडून पैसे न घेता आणि वाचकाकडूनही न घेता चालवता येतं. तांत्रिक बाजू मी बघू शकतो. पण दर तीन महिन्यांनी अंक काढायचा म्हटलं की पुन्हा पानं भरायची घाई आणि पुन्हा तेच. आधी वाचनगट करा. निबंध फिरवा, लेखी शेरे द्या. सुधारलेला निबंध मग ज्याला जिथं पाठवायचा तिथं पाठवू दे. वर्षभरात वीस चांगले निबंध दिसले तर अंकाचं बघू.

आणि एक. केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळं १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठांत उघडतात. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटींची योजना आहे. ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे आणि आपल्याकडची बहुतेक कॉलेजं खासगी संस्थांची, म्हणून तालुक्याच्या प्राध्यापकाला ते दिसत नाही. कुणाला एखादा लेख वाचायला हवा असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात येऊन बसा. मी आत नेतो, चहा माझ्याकडून.

डेक्कनवरून

मी अर्थशास्त्राचा. ऊसतोडीचा निबंध मलाही पाठवा, ज्वारीवालांनंतर. ओळखीचा नाही म्हणजे निःपक्ष तरी असेन.

पूर्णाकाठची ग्रंथपाल

ठीक, यादी मी ठेवते. दोन अटी. एक, शेरा लेखी आणि किमान एक पानाचा, 'छान आहे, शुभेच्छा' चालणार नाही. दुसरी, कुणीही या गटाचं सर्टिफिकेट मागायचं नाही, मी देणार नाही.

मांजराकाठ सर, समितीसाठीच्या टिपणीचा नमुना तुम्हाला वेगळा पाठवलाय. त्रैमासिकाचे मागचे चार अंक, संपादकांचं परीक्षणाबद्दलचं पत्र आणि ही टिपणी एवढं जोडा. उद्या कुणी हरकत घेतली तर 'संस्थेनं ठरवलं' याचा कागद तुमच्या हातात असेल. यूजीसीचं म्हणणंही तेच आहे ना, संस्थेनं ठरवा.

संपादक काका, सीडी घेऊन या. एका रविवारी बसून बघू किती वाचतात.

जुना संपादक

सीडी ड्राइव्ह असलेला संगणक आहे का कुणाकडं?

बिंदुसरा

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात आहे, विन्डोज एक्सपीवाला. चालतो. हेडक्लार्कना विचारून सांगतो.

मांजराकाठ

कंधारच्या ताई, बावीस पानांचे फोटो पाठवलेत. 'बहाल'चं पान चौदावं आहे, पण आधी पहिल्यापासून वाचा. मी काय समजतोय ते न सांगताच पाठवलंय, म्हणजे तुमचं वाचन तुमचंच राहील.

कंधारची

मिळाले. सातव्या पानावर कडेला दुसऱ्या शाईत काहीतरी लिहिलंय, ते फोटोत कापलं गेलंय. ते पान परत काढून पाठवा.